रेवाचं नवं नाव

शनिवार, संध्याकाळ

लग्नात रेवाचं नाव बदलणार. आज तिनेच सांगितलं, हसत. "बाबा, सासूबाईंना 'सानिका' आवडतं. मला बिल्कुल चालेल. प्लीज, इश्यू नका ना करू."

रेवा म्हणजे नर्मदा. तिची आई महेश्वरची. बाळंतपणातच गेली, लेकीला देता आलं ते एवढं नावच. रेवाला हे ठाऊक आहे. तरी हसत सांगितलं. दर रविवारी पुरवणीत मी देशोदेशीच्या नावांचे अर्थ लिहितो, आणि घरातलं एक नाव राखता येत नाही. भांडू तरी कुणाशी? तिचीच हरकत नाही.

उद्या नोएडाच्या नव्या हॉलमध्ये जावई तबकातल्या तांदळावर अंगठीने 'सानिका' लिहील. व्याह्यांनी बजावलंय, "तुम्ही सदरवाले! नावाचा अर्थ माइकवर तुम्हीच सांगायचा."

सांगावा लागेल.