चूक पोटात न घालणाऱ्या काठ्या

१८ नोव्हेंबर १९७९, रविवार. कुंभिवली, कारखान्याची कॉलनी

आज काय सापडलं! स्कूटरच्या जादा चाकाचं पंक्चर काढायला हे चौक गावी निघाले, मीही मागे बसले. घरात बसून काय करू? गॅरेजवाले हुसेनभाई चाक खोलत होते आणि मी त्यांच्या भंगारात नाक खुपसून. तिथे सुतळीने बांधलेल्या सात लोखंडी काठ्या. खाली पातळ चपटं पातं, मुठीला चामडं गुंडाळलेलं, तेही सुटत आलेलं. "माथेरानच्या कुठल्या बंगल्यातून आल्या, भाभी. कुत्री हाकलायला बऱ्या."

ह्यांनी लगेच ओळखल्या. गोल्फच्या! आमचे मोठे साहेब (यापुढे मो.सा.) कारखान्यामागच्या माळावर खेळतात तसल्या. ह्यांनी ऐटीत एक उचलली, मो.सा.सारखे गुडघे वाकवून उभे राहिले आणि बघतात तर पातं उलट्या बाजूला. "डिफेक्टिव्ह माल आहे. सगळ्याच उलट्या."

मी घेतली. डावा हात आपोआप खाली गेला आणि मुठीवर बसला. अगं बाई! डावऱ्या माणसाच्या काठ्या! वय बेचाळीस, आणि मुद्दाम डावऱ्यांसाठी केलेली वस्तू आज पहिल्यांदा हातात. कात्री उजवी, शिवणाचं मशीन उजवं, ओवाळायचा हात उजवा. आई तर माझा डावा हात पदराला बांधून जेवायला बसवायची.

वजनावर घेतल्या. हे घरापर्यंत हसत होते. हसू देत.

२२ नोव्हें.

सकाळी कॉलनी उठायच्या आत माळावर. पाच खड्डे आहेत, प्रत्येकाभोवती तेल शिंपडून दाबलेली वाळू. हिरवळ नाहीच, गवत केव्हाच पिवळं पडलंय. चेंडू हौसाबाईने दिले. माळाला लागून तिचं शेत, भात काढून वाल पेरलाय. ओटीतून चार चेंडू काढून म्हणते, "ह्ये घ्या वयनी, तुमच्या सायबाची अंडी. रोज माज्या वालात घालतोय."

हसून हसून पोट दुखलं.

फटके मात्र सगळे मातीत. ढेकळं उडाली, चेंडू जागेवर. पाय दुखले, कंबर दुखली. मग पात्यामागे ७ कोरलेल्या, म्हणजे सात नं.च्या काठीने एकदा, एकदाच, बरोबर मधोमध लागला. हाताला काही कळलंच नाही! नुसतं टक् झालं आणि चेंडू पार निलगिरीच्या रांगेपर्यंत. मी एकटीच ओरडले. हौसाबाई वालातून, "काय झालं गं बाय? साप हाय का?"

२ डिसेंबर, रवि.

मो.सा.नी पाहिलं. मी गर्भगळीत. पण माणूस दिलदार, जवळ येऊन काठ्या एकेक हातात घेऊन बघितल्या. म्हणाले, वस्तू उत्तम, पण तुमच्यासाठी नाहीत. हे पातं मुरलेल्या खेळाडूचं. मधोमध लागला तर याच्यासारखं सुख नाही, जरा बाजूला लागला की चेंडू भलतीकडे. हल्ली मागून पोकळ काठ्या निघाल्यात, वजन सगळं कडेला. "त्या चूक पोटात घालतात. नवशिक्यांनी त्याच घ्याव्यात."

हे बाजूला उभं राहून माना डोलावत होते, जणू ह्यांना आधीपासूनच सगळं ठाऊक होतं.

५ डिसें.

कडाक्याची थंडी. चुकलेला प्रत्येक फटका मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिणतो. मो.सा. खोटं नाही बोलले. ह्या बाया चूक पोटात घालत नाहीत, हातावर मारतात. शाळेत गुरुजी मारायचे तशा. पण एक आहे. गुरुजी हात डावा म्हणून मारायचे. ह्या फक्त चुकलं म्हणून मारतात. आणि कुठे चुकलं तेही सांगतात. टोकाला लागला तर वेगळी झिणझिण, खाली लागला तर वेगळी. आज डोळे मिटून ओळखता आलं.

मग जुन्या काठ्या शिकाऊला चालतात की नाही? ठरत नाही. पण मजा येते, देवा, काय मजा येते!

८ डिसें.

हौसाबाईला म्हटलं, मी डावरी आहे गं. तिला त्याचं काहीच नाही. "आमची सून बी डावरीच हाय. इळ्याचे दात उलटे पडतात ना तिला, कापताना हाताला लागायचं. लोहाराकडनं तिचा वायला इळा करून घेतला. आता माज्या फुडं कापत जाते."

जेवताना ह्यांना सांगितलं. हे घास तोंडात धरून विचारात पडले. "म्हणजे लोहार बदलून देतो?" "देतो म्हणजे काय, दिलाच."

१५ डिसें.

बातमी! गॅदरिंगला, १३ जानेवारीला, जोडीची मॅच. नवरा-बायको आळीपाळीने फटका मारणार. मो.सा.नी आपणहून आमचं नाव घातलं! ह्यांना ते तिथेच आपल्या काठ्या देणार. वर त्यांच्या वहिनीचा परदेशातून आणलेला नवा कोरा संच माझ्यासाठी पाठवला. मागून पोकळ, चकचकीत. उजवा.

हे खूश. "साहेबांनी स्वतः दिलाय. आणि सगळ्यांसमोर तू डाव्या हाताने…" वाक्य अर्धंच सोडलं. मी पूर्ण करून दिलं नाही.

१८ डिसें.

नव्या काठ्यांनी मारून पाहिलं, उजव्या हाताने. खोटं कशाला बोलू? वेडावाकडा लागला तरी चेंडू गेला. बऱ्यापैकी सरळ गेला. हाताला काही नाही. कुठे लागला तेही कळलं नाही. हे टाळ्या वाजवतायत. मी चहा करायला आत गेले.

मला मॅच डाव्या हाताने खेळायचीय. अख्ख्या कॉलनीसमोर. बस, एवढंच हवंय मला. पण दर तीन फटक्यांत दोन मातीत गेले तर ह्यांचं हसं, माझं हसं.

२७ डिसें.

तीनातले दोन लागले! दोन!! हौसाबाईचा वाल सुखरूप. कुठलाही संच द्या, मी सात नं. सोडणार नाही.

२९ डिसें.



संध्याकाळी हे शीळ घालत आले, पाठीमागे काहीतरी लपवलेलं. "डोळे मिट." मिटले. हातात सात नं. दिली. डोळे उघडले तर पातं दुसरीकडे. वर्कशॉपमधल्या फिटरकडून पात्याची मान तापवून वाकवून आणलेली. पाठीचं तोंड केलंय, तोंडाची पाठ. "उजवी केली! हौसाबाईच्या लोहारासारखी! एकच करून बघितली, आवडली तर बाकीच्या पण…"

अहो, लोहाराने सुनेसाठी विळा डावा केला! सुनेला उजवी नाही केली!

एवढी ओरडले की शेजारच्यांचा रेडिओ बंद झाला. ह्यांनी खरंच आनंदाने आणली होती हो, तोंडावर दिसत होतं. म्हणून जास्तच रडू आलं.

३० डिसें.

आजचं पान डाव्या हाताने लिहितेय. कोंबडीचे पाय उमटलेत. पहिलीतल्यासारखं. ल उलटा आला. पण आलं!! अजून येतं!

४ जानेवारी १९८०

हे स्वतः काठी घेऊन परत फिटरकडे गेले, मला न सांगता. तो म्हणाला, नवीन ओतीव असती तर वाकवताना तुकडाच पडला असता. हे जुनं घडीव लोखंड, मऊ. गेलं तसं परत येईल. फक्त दोनदा वळलेल्या मानेची खात्री देत नाही.

काठी आली. पातं माझ्या बाजूला! मानेवर निळसर डाग राहिलाय. फटका मारून बघायचा धीर होत नाही. उरलेल्या सहांनीच सराव चालू आहे.

हे तो डाग फडक्याने घासत बसले. मग म्हणाले, "तुझ्या आईने केलं तेच मी केलं ना गं?"

मी म्हटलं, "हो."

म्हणाले, "मला वाटलं, तुला सोपं जाईल." आईला पण तेच वाटायचं.

१२ जाने.

मो.सा. भेटले, नवा संच कसा वाटला? म्हटलं, फार प्रेमळ आहे. हसले. म्हणाले, मग उद्या काय? मी म्हटलं, बघते. अजून बघतेच आहे! नव्यांनी खेळले तर बरं जाईल, कुणी हसणार नाही. मो.सा.ही खूश. आणि माझा हात पुन्हा पदरात.

१३ जाने., सकाळी. डाव्या हाताने

वेणी घालून बाहेर आले तर हे स्कूटर पुसतायत. दारात नव्या संचाची चकचकीत पिशवी तशीच उभी. मागच्या जादा चाकाला नवी शिवून घेतलेली कापडी पिशवी बांधलेली, आत माझ्या सात जणी. मी विचारलं नव्हतं, त्यांनीही नाही.

"साहेब विचारतील," मी म्हटलं.

"मी सांगीन, बायको डावरी आहे." एवढं मोठ्याने की समोरच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली.

ह्यांनी एक काठी काढली, उलट सुलट करून बघितली, म्हणाले, "मला दाखव ना, कशी धरतेस." कानापर्यंत लाल झाले होते. दाखवली. त्यांना जमली नाही, घसरून पायावर पडली. मी इतकी हसले की काजळ पुसावं लागलं.

पहिल्या खड्ड्याला सात नंबरच लागते. निळ्या डागावरून अंगठा फिरवून पाहिला. हॉर्न वाजवतायत, निघायला हवं. ह्यांची चूक मी घातली पोटात. काठीने घातलीय का, ते पहिल्या फटक्याला कळेल.