शांभवीची सही

अहो,

मी शांभवीला पुण्याला कॉलेजात सोडायला जातेय. कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी डब्यात आहे. दूध तापवून ठेवलंय, विरजण तुमचं तुम्ही लावा.

पोरीला इंजिनियरिंगला पाठवायला पैसे नाहीत, असं तुम्ही माझ्या भावासमोर म्हणालात. तिच्या नावावरची एफडी मला ठाऊक होती. टॅक्स वाचवायला आणि माझ्यापासून लपवायला तुम्ही ती केली होती. पण पोर अजून लहान म्हणून सीएनं तिचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं. तेव्हा जेवता जेवता तुम्ही त्याला फोनवर लई बोललात. मी शेजारीच वाढत होते.

सोमवारी तिला अठरा पूर्ण झाली. मंगळवारी आम्ही दोघी बँकेत गेलो. आता तिथं तिचीच सही चालते, तुमची नाही. तिनं एफडी मोडून फी भरली आणि उरलेले पैसे परत स्वतःच्याच नावावर ठेवले.

यापुढं त्या व्याजाचा टॅक्स तुमच्यावर पडणार नाही. तेवढा तुमचा फायदाच झाला की.

श्रीदेवी