दुसऱ्या फोनची अट

२२ एप्रिल, गुरुवार
हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची पहिली ऑनलाइन मीटिंग. घरात रेंज फक्त आंब्याच्या खोलीत, म्हणून पिकत घातलेल्या आंब्यांच्या आढीशेजारीच स्टूल टाकलं. कोविडच्या पेशंटवर नवं औषध तपासायला परवानगी द्यायची. वॉर्डात नातेवाइकांना बंदी, म्हणून संमती फोनवर. डॉक्टर मंडळी घाईत. डॉक्टर नसलेली मी एकटीच, रिटायर्ड बाई. म्हटलं, "घाबरलेलं माणूस पहिल्या फोनला कशालाही हो म्हणेल. थोडा वेळ जाऊ दे, परत विचारा. दुसरं 'हो' तेच खरं धरा." अध्यक्ष कुरकुरले, पण ही अट घालूनच परवानगी दिली. दिवसभर स्वतःवर खूश.

२९ एप्रिल, गुरुवार
धाकटा भाऊ बाळू त्याच हॉस्पिटलात. ऑक्सिजनवर. मुंबईहून आला तेव्हाच खोकत होता, प्रवासाची धूळ म्हणालो सगळे. मीसुद्धा. त्याची बायको सुमन गुहागरला, घरातच क्वारंटाइन. अध्यक्षांना कळवलं, या विषयात आता मी नको. "बाई, डॉक्टर नसलेलं एक माणूस लागतंच, तुमच्याशिवाय कोरम होत नाही हो." मग? राहिले.

३० एप्रिल, शुक्रवार
सुमनचा फोन. जयभीम म्हणायच्या आधीच रडू.
"ताई, डॉक्टरांचा फोन आलेला. नवीन औषध देऊ काय इचारत होते. मी हो बोलले."
"नीट ऐकलंस?"
"कशाला ऐकू? तुमी हाव ना त्या कमिटीत! तुमी पास केलंत म्हंजे चांगलंच असणार."
सांगितलं, पास नाही गं, नुसती तपासायची परवानगी. गुण येतो का तेच बघायचंय. काहींना नवं, काहींना नेहमीचंच.
ती म्हणाली, "परत फोन करणार हायत. काय बोलू? तुमीच सांगा."
हो म्हटलं आणि बाळूला काही झालं तर... नाही म्हटलं आणि त्यातच गुण असला तर...
म्हटलं, "माझ्यावर विसंबू नकोस. डॉक्टरांना विचार. नाही म्हणालीस तरी नेहमीचे उपचार चालूच राहतात."
"मग तुमी कशाला हाव तिथं?"
फोन ठेवला तिने. फार लागलं.

१ मे, शनिवार
दुसरा फोन अजून नाही. बाळूचा ऑक्सिजन वाढवलाय म्हणे. दुपारी अध्यक्षांचा नंबर काढला, लवकर करा म्हणायला. फोन तसाच ठेवून दिला. अट माझीच, आणि तीच आता बाळूच्या जिवावर बेतलीय.
आढीतले चार आंबे पिकले. बाळूसाठी बाजूला काढले. कुणी आत नेऊ देणार नाही, माहीत आहे.
संध्याकाळी सुमनने स्वतःहून फोन केला. म्हणाली, डॉक्टरांचा फोन आला की तुमाला पण जोडून घेते. काय बोलू नका हवं तर, नुसत्या ऱ्हावा. म्हणून पुन्हा त्याच स्टुलावर बसलेय. ती माझ्या आवाजाकडेच कान लावून बसणार. नुसता सुस्कारा टाकला तरी ती हो म्हणेल.
फोन वाजतोय.