बाबांना कोणी नेश म्हणेना

चेस्टरफील्ड, १३ जानेवारी १९८७

चि. ट्रेव्हर यास बेरिलताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या बोर्नमथच्या शेजाऱ्यांना ‘नेश’ म्हणजे काय ते कळेना, असं लिहितोस. थंडी न सोसणारा, नाजूक जीव, असं सांग. पण त्यातली टोचणी त्यांना कशी कळणार? आपल्याकडे गळपट्टा गुंडाळणारा नेश, शेकोटीजवळ बसणारी मांजरही नेश.

आता मुद्द्याचं. बाबा इस्पितळात आहेत. घाबरू नकोस, पण छातीत पुन्हा कफ साठलाय. चाळीस वर्षं उघड्या बाजारात, उघड्या हातांनी मासळी विकलेला माणूस. शाल घेईना, घरातला हीटर लावू देईना. मी लावायची, पाठ वळली की ते बंद करायचे. म्हणून रविवारी बाजारातले मित्र भेटायला आले, तेव्हा मी त्यांना दारातच बजावलं, की आज आमच्या बाबांना नेश म्हणायचं नाही. बिचारे फार गोड वागले. एरवी सगळ्यांत जास्त चिडवणाऱ्या स्टॅनने तर स्वतःच्या हातांनी बाबांच्या अंगावर शाल घातली. मंडळी गेल्यावर बाबा शाल फेकून, नुसत्या शर्टावर अंगणातल्या बर्फात जाऊन बसले.

त्याच रात्री इस्पितळात न्यावं लागलं. तिथेही पांघरूण लाथाडतात. डॉक्टर म्हणतात, ऊब नसेल तर औषध तरी काय करणार? माझं कुठे चुकलं रे? जीव थाऱ्यावर नाही. माया आहेच, उत्तर तेवढं झटपट धाड.

बेरिल

बोर्नमथ, १५ जानेवारी

ती. बेरिलताईस ट्रेव्हरचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून रागच आला तुझा. एवढी मोठी झालीस, तुला आजी आठवत नाही? शेवटच्या महिन्यात ती तीन रजया घेऊन बसायची आणि कोणी तिला चकार शब्द बोलायचं नाही. तान्ह्या बाळाला आणि जायला निघालेल्या माणसाला आपल्यात कधी कोणी नेश म्हणतं का? स्टॅन चिडवत नाही म्हटल्यावर बाबांनी ओळखलं, की सगळ्यांनी आपल्याला मोडीत काढलंय.

ताई, जा आणि त्यांना तोंडावर नेश म्हण. मी रजा मागितलीय. रागावू नकोस, लोभ राहू दे.

ट्रेव्हर

चेस्टरफील्ड, १८ जानेवारी

चि. ट्रेव्हर यास अ. आ., वि. वि.

गेले होते. बाबा कुडकुडत पडलेले, पांघरूण पायाशी. जीभ रेटेना. शेवटी मोठ्याने म्हटलं, की कसे लटलट कापताय, अगदी नेश झालात हो! नर्सने माझ्याकडे असं पाहिलं, की मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी डोळे उघडले. नेश कोणाला म्हणतेस गं भवाने, म्हणाले, लोकरीचं गाठोडं होऊन आलीस ती तू! चांगलं खोकेपर्यंत बोलले आणि बोलता बोलता पांघरूण स्वतःच गळ्यापर्यंत ओढलं. मी बाहेर जाऊन पोटभर रडले.

धोका टळलाय असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. काल चुकून मी लाडाने बोलले, तर पांघरूण पुन्हा लाथाडलं. तेव्हा गोड बोलणं बंद. स्टॅनलाही तसंच सांगितलंय.

तू ये लवकर. आणि येताना चांगली जाड कानटोपी घालून ये, अगदी त्यांच्या खाटेपर्यंत. त्यांनाही कोणाला तरी नेश म्हणू दे.

वाट पाहणारी,
बेरिल