हरल्यानंतरचा रविवार

१५ सप्टेंबर १९९६, रविवार

आमची फुटबॉलची टीम हरली. सपाटून हरली. आणि माझा नवरा कॅझ खूश! "पुढच्या रविवारी हीच घ्यायची, आयरीन. आता हिच्यावर काळं कुत्रं पैज लावणार नाही." लग्नाच्या आधीपासून हेच ऐकतेय. त्याचा धाकटा भाऊ चेट मिशीवरचा बिअरचा फेस पुसत खेकसला, "हरलेला हरतोच, कॅझ. लिहून ठेव."

१७ सप्टेंबर

इस्पितळात गेलो होतो. कॅझला औषध लागू पडलं नाही. आता दुसरं काही नाही.

कॅझने सरळ विचारलं, "किती?" डॉक्टरीणबाई पोरगेलीच आहे. आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "थँक्सगिव्हिंगपर्यंत... नोव्हेंबरअखेर, साधारण."

"हा भाव कोणी काढला?" कॅझ म्हणाला. तिला काही कळेना. मग गडी तिला शिकवायलाच बसला! दुबळ्या टीमला आधीच पॉइंट देऊन ठेवतात. समजा सात दिले आणि ती चारनेच हरली, तर मैदानात हरली, पण तिच्यावर पैज लावणारा जिंकला. याला म्हणायचं कव्हर केलं. "आणि गेल्या आठवड्यात हरलेल्या टीमला लोक घाबरून जास्तच पॉइंट देतात. मी आत्ताच हरलोय ना? मग माझ्यावर लाव!"

ती हसली, मग चष्मा पुसत बसली. मी गाडीत येऊन रडले. तो शेजारी बसून सांगत होता, आधी हँडब्रेक काढ, मग रड.

२२ सप्टेंबर, रविवार

नऊ पॉइंट मिळाले होते, सहाने हरले. कव्हर! कॅझने खुर्चीतूनच दोन्ही हात वर केले. लगेच दम लागला.

मला १९६१ आठवलं. पोलिश क्लबच्या मागे त्याची ती गंजकी गाडी, आत रेडिओ, बाहेर तळ्यावरून येणारा बर्फाचा वारा. पहिल्यांदाच दोघं बाहेर पडलेलो, आणि मी आईचा चांगला कोट घालून गारठतेय! मॅच संपली तसा हा पठ्ठ्या मला मिठीच मारून मोकळा. मी म्हटलं, "अरे, हरले ना?" "हरले! पण कव्हर केलं!" मला वाटलं, हा ठार वेडा आहे. घरी जाऊन बहिणीला सांगितलं, याच्याशीच लग्न करणार.

पुढे सगळ्यालाच ते लागू झालं. कारखाना बंद पडला त्या दिवशी हा हातात ब्लूबेरीची पेस्ट्री घेऊन दारात उभा. "हरलो, पण कव्हर केलं." फक्त एकदा म्हणाला नाही. आमचं पहिलं बाळ गेलं तेव्हा. तेव्हा नुसता भांडी घासत राहिला, घासलेलीच परत परत.

६ ऑक्टोबर, रविवार

आज घरात तमाशा. कॅझ चेटला म्हणाला, "तू डॉक्टरीणबाईची बाजू घे. मी माझी. मी जिंकलो तर तुझी मिशी साफ!"

नौदलातून आला तेव्हापासूनची मिशी ती! बायकोने लग्नात हात जोडले तरी काढली नव्हती. चेट लाल झाला. "सख्ख्या भावाच्या मरणावर पैज? डोकं फिरलंय का तुझं?" दार आपटून गेला. प्लेटमधले बटाटा भरलेले पिएरोगी तसेच.

कॅझ खिडकीकडे बघत म्हणाला, "समोर कोणी नसेल तर खेळू कोणाशी?"

९ ऑक्टोबर

चेटच्या घरी गेले. गॅरेजमध्ये होता. चांगलं झापलं. "तू त्याच्याशी भांडला नाहीस असा एक रविवार दाखव! आणि आता एकदम संत झालास? त्याला कीव नकोय, तू हवायस." पाना पुसत बसला.

१३ ऑक्टोबर, रविवार

चेट आला. कोट न काढताच म्हणाला, "घेतली पैज. हरलेला हरतोच."

काय चेहरा फुलला माझ्या माणसाचा! लगेच घासाघीस सुरू. सणाचा दिवस गाठला तर बरोबरी, कोणीच जिंकलं नाही. "मला वर अर्धा पॉइंट हवा," कॅझ म्हणाला. "दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी कॉफी प्यायलो की मी जिंकलो." चेट म्हणाला, "घे, भिकाऱ्या!"

मला दोघांना धरून बदडावंसं वाटलं. आणि मुकेही घ्यावेसे वाटले.

३ नोव्हेंबर

जेवत नाही. सूपही नको. चेट येऊन रोज टोमणा मारतो, "थकलास? सोडतोस मॅच?" मग कॅझ दोन चमचे घेतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज टीव्ही लावला, पण डोळे मिटूनच होता. मी स्कोअर सांगत गेले. खरं सांगायचं तर त्याचं ते शास्त्र निम्म्या वेळा खरं ठरतं, निम्म्या वेळा खोटं. चेट कायम म्हणायचा, त्यापेक्षा नाणं उडव. मला माहीत होतं. त्यालाही माहीत असणार.

देवा, एवढी एक वेळ त्याच्या बाजूने पडू दे.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

टर्की केली. कोणी खाल्ली नाही. तो आहे. श्वास मोठा येतोय. चेट खुर्ची ओढून हात धरून बसलाय, घरी जायला तयार नाही. "बरोबरी झाली, कॅझ. आता अर्धाच राहिला."

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

उजाडलं. कॉफी केली, साखर जास्त, त्याला आवडते तशी. चमच्याने ओठाला लावली. गिळली! अजून एक.

चेट म्हणाला, "दोन चमचे म्हणजे काय कॉफी झाली?" आणि ढसाढसा रडायला लागला. कॅझचा एक डोळा उघडला. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे. ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द मला कळला. कव्हर.

३ डिसेंबर, मंगळवार

चर्चमध्ये कॅझच्या शवपेटीपाशी उभी होते. शेजारी कोणीतरी अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. वर बघितलं तर चेट. ओठावर काही नाही, नुसती पांढरी कातडी, वस्तऱ्याने एका जागी कापलेली.