टाकीच्या तोंडाशी एक माणूस मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
तपासणी विभाग, सुरेख कोटिंग सल्लागार,
स्वारगेट, पुणे.

विषय: वाघोली येथे टाकीच्या आत तपासणी सुरू असताना बाहेर एक माणूस नेमण्याबाबत.
संदर्भ: माझा पूर्वीचा अर्ज व त्यावरील आपला शेरा, 'मनुष्यबळ उपलब्ध नाही'.

महोदय,

वाघोलीतील गृहप्रकल्पाच्या पोलादी टाक्यांना आतून रंग देण्यापूर्वी पत्रा रंग धरील की नाही, हे मी तपासते. वाळूच्या माऱ्याने साफ केलेल्या पत्र्यावर चिकटपट्टी दाबून काढायची व पांढऱ्या कागदावर लावायची. धूळ दिसली की पत्रा नापास. पहिल्या टाकीचा पत्रा मी नापास केला.

तोपर्यंत ठेकेदाराचे पर्यवेक्षक श्री. सुदर्शन मला डबा खायला बोलावत असत. ते भांडले नाहीत. फक्त बोलावणे थांबले. टाकीच्या तोंडाशी उभा राहणारा त्यांचा माणूसही दुसऱ्या कामाला लागला. काम अडले असते तर खापर माझ्यावर फुटले असते, म्हणून मी एकटीच उतरत राहिले.

गेल्या मंगळवारी मी आत असताना कोणीतरी शिडी काढून नेली. आत मोबाइलला रेंज नसते. हाका मारल्या, त्या टाकीतच घुमत राहिल्या. शेवटी टॉर्चने पत्रा ठोकत बसले. वाळू झाडायला आलेल्या सरुबाईंना तो आवाज ऐकू गेला. त्यांनी शिडीसाठी माणूस पिटाळला आणि स्वतः तोंडाशी बसल्या. "म्या हाय हितं. तुमी बोलत ऱ्हावा," म्हणाल्या. गाव कोणते, घरी कोण असते, सकाळी काय खाल्ले, असे विचारत राहिल्या. गोंदियाहून पुण्यात आल्यापासून हे मला कोणी विचारले नव्हते. शिडी आली तेव्हा मी रडत होते. ते भीतीने नव्हते, हे नमूद करते.

श्री. सुदर्शन यांनी दिलगिरी व्यक्त केली. "मॅडम, तुम्ही आत आहात हे कुणाच्या लक्षातच नव्हतं," असे ते म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते, अशी माझी खात्री आहे.

पत्रा पुन्हा साफ झाला. काल सरुबाई जेवणाची सुट्टी सोडून बाहेर बसल्या, तेव्हा मी तपासणी पूर्ण केली. पट्टी स्वच्छ निघाली. रंगकाम सुरू करण्यास हरकत नाही. मात्र येत्या सोमवारपासून सरुबाईंना खडकीच्या कामावर पाठवणार आहेत आणि दुसरी टाकी बाकी आहे.

तरी कृपया एक माणूस द्यावा. तांत्रिक पात्रतेची अट नाही. अधूनमधून मला नावाने हाक मारता आली म्हणजे पुरे. तोपर्यंत मी आत उतरणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
तनुजा भोयर
तपासनीस, वाघोली
दि. १४ फेब्रुवारी २०२५

सोबत: पहिल्या टाकीचा तपासणी अहवाल, चिकटपट्ट्यांसह.