मी वाचलेला फोटो

अमरावती,
१४ डिसेंबर १९६६

प्रिय सहदेव,

सायकलवरून पडलो होतो. हाड मोडलेलं नाही, पण कमरेच्या माराने महिनाभर दवाखाना सोडला तर घरातच आहे. आमच्या घरच्या दुर्गाबाई गेल्यापासून इथे बोलायला कुणी नाही, म्हणून मोठ्याने कविता म्हणतो. परवा शेजारच्या पार्वताबाईंनी खिडकीतून विचारलं, गुरुजी, कोनाशी बोलून राहिले जी? म्हटलं, सातवीच्या वर्गाशी. त्या हसल्या. मला मात्र तुझा तिसरा बाक दिसत होता.

अख्खं कडवं तू एका श्वासात म्हणायचास. वलगावच्या धुळीत कबड्डी खेळून कमावलेला दम होता तो. कवितेला विसावे असतात रे, असं मी किती समजावलं! तुझं उत्तर ठरलेलं, दम तुटला का माणूस बाद, गुरुजी. सगळा वर्ग हसायचा, मीही.

मग अठ्ठावन्न सालचं ते जांघेतलं दुखणं. तू एकवीस वर्षांचा, महिन्याभरावर नागपूरला कबड्डी संघाची निवड. तुझ्या आईने, मनकर्णाबाईंनी, तेल चोळलं, शेक दिला, तरी चढाईला पाय टाकलास की तू कळवळायचास. शेवटी मीच तुला अकोल्याच्या एक्स-रेवाल्या डॉक्टरांकडे नेलं. फोटो निघाला आणि डॉक्टरांना तातडीने कुठेसं जावं लागलं. कंपाउंडर म्हणाला, उद्या या, साहेब समजावून सांगतील. पण मला दुसऱ्या दिवशी शाळा होती. फोटो मागून घेतला आणि व्हरांड्यात उन्हासमोर धरला.

तुला आठवतंय, अख्खं वलगाव माझ्याकडे कागद घेऊन यायचं. कोर्टाची नोटीस असो, तार असो, लेकीचं सासरहून आलेलं पत्र असो. मला हे वाचता येत नाही, असं म्हणायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. तू मागे उभा राहून विचारलंस, काय दिसते गुरुजी? पुढच्या दोन हाडांच्या मधोमध, नेमकी तुझ्या दुखण्याच्या जागी, एक काळी रेघ होती. मी म्हटलं, बाळा, हाड दुभंगलंय, खेळ विसर आता. तू फोटो माझ्या हातातून घेऊन माझ्याच पिशवीत ठेवलास. बडनेऱ्याला गाडीतून उतरताना ती पिशवीही तूच घेतलीस, दुखत असताना.

पुढे तू अकोल्यातच कापसाच्या जिनिंगमध्ये बसून करायचं काम धरलंस. पत्रं कमी झाली, मग थांबली. कामात असशील, असं मी स्वतःला सांगत राहिलो. दिवाळीआधी चांदूर बाजारच्या बाजारात तुझी बहीण शकुन भेटली. म्हणाली, दादा अजून पान्याचा हंडा उचलत नाई जी. मोटार सुटली तर तिच्यामागं धावत नाई, दुसरी येईपर्यंत बसून रायते. म्हनते, हाड उकलन. हाड उकलेल ही तुझी भीती ती सहज बोलून गेली. तिला वाटलं, मला हे ठाऊकच असेल.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगतो. गेल्या आठवड्यात इथल्या दवाखान्यात माझ्या कमरेचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला आणि मला त्यात तीच काळी रेघ दिसली, त्याच जागी. घाबरून विचारलं, माझं हाड केव्हा दुभंगलं? ते हसले. म्हणाले, गुरुजी, ही फट जन्मापासून सगळ्यांना असते. तिथे कूर्चा असते, ती फोटोत उमटत नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतला तुझा फोटो घेऊन गेलो. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. हाडाच्या कडा खरबरीत झाल्या होत्या, एवढंच. पाच-सहा महिने विश्रांती, मग दुसरा फोटो. कडा गुळगुळीत दिसल्या की पोरगा मैदानावर गेला असता, म्हणाले. सहदेव, तुझं हाड कधीच दुभंगलं नव्हतं. मी चुकीचं वाचलं. तुझी आठ वर्षं मी परत देऊ शकत नाही, आणि माफ कर म्हणायला तोंड नाही. पण डॉक्टर म्हणतात, एकदा येऊ द्या त्याला, नवा फोटो जुन्याशेजारी लावून पाहू. जुना त्यांच्याकडेच ठेवला आहे. बुधवारी सकाळी ते असतात. येताना शकुनला सोबत घे. मी तिथे येणार नाही. मी असलो, तर डॉक्टर सांगत असताना तू माझ्याच तोंडाकडे बघशील.

अजूनही तुझाच म्हणवून घेणारा,
मोतीराम गुरुजी